वरल्या बागेतल्या मुंग्या

खानापूरहून आलेल्या व्यापाऱ्याच्या माणसाने रवळूच्या ताडपत्रीवरची मूठभर वाळलेली कॉफीची फळं उचलली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. शंभरातली तीसेक तरंगली. त्याने एक तरंगतं फळ काढलं, नखाने साल सोलली आणि बी दातात धरून फोडलं. आत काळा भुसा होता. भुशात तिळाहून बारीक, चकचकीत किडा पाय हलवत होता.

त्याने ते बी रवळूच्या तळहातावर ठेवलं आणि कानडीत सांगितलं की असला माल त्याला चालणार नाही, निवडून ठेवा, पुढच्या आठवड्यात टेंपो येईल तेव्हा बघू. मग तो मोटरसायकलवर बसून गेला.

रवळू हातातल्या बियाकडे बघत राहिला. खळ्यावर त्याच्या आठ मजूर बायका होत्या, मुलगा आदर्श होता आणि डोक्यावर फळांची बुट्टी घेऊन वरल्या बागेतून उतरलेली अंबुबाई, त्याची भावजय, होती. सगळ्यांसमोर त्याने मान वर करून वरल्या बागेकडे बोट केलं.

"तितनं येतंय हे. वैनी, तुमच्या त्या घाणीतनं."

अंबुबाईने बुट्टी उतरवली नाही. मानेवर वजन घेऊन माणूस भांडू शकत नाही. ती आपल्या ताडपत्रीपर्यंत चालत गेली, बुट्टी ओतली, पदराने तोंड पुसलं आणि मग वळली. तोवर रवळू जीपमध्ये बसला होता.

जांबोटीच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता जंगलात शिरायच्या आधी वळतो, तिथे ही साडेतीन एकरांची कॉफी आहे. तिथे आधी कॉफी नव्हतीच. भावकू, म्हणजे अंबुबाईचा नवरा, लग्नाआधी सहा वर्षं कोडगूच्या, कूर्गच्या, कॉफीमळ्यांत फळं तोडायला जायचा. येताना त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून रोपं आणली आणि उतारावरच्या फणस, जांभूळ, उंबराच्या सावलीत लावली. गाव हसलं. रोपं जगली. फणसांवर त्याने काळ्या मिरीचे वेल चढवले. धाकटा भाऊ रवळू तेव्हा शाळेत होता. अंबुबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा त्याच्या चड्ड्या तिनेच धुतल्या.

पाच वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. खालची बाग रवळूला, वरची भावकूला. रस्ता खालच्या बागेला लागून होता. टेंपो रवळूच्या खळ्यापर्यंत यायचा आणि वरचा मालही तिथेच वाळायचा, तिथूनच जायचा. भावाभावांत हे कागदावर लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

आदर्श बेळगावात खासबागेतल्या एका खत-औषधांच्या दुकानात कामाला लागला आणि दुसऱ्याच वर्षी खालच्या बागेत यंत्राची करवत आली. त्रेचाळीस झाडं पडली. त्यांतली एकोणीस फणसाची होती. बुंधे अजून तिथे आहेत, मोजता येतात. कॉफीला ऊन मिळालं, गोणीने खत मिळालं, महिन्याला औषधाची फवारणी मिळाली. खालचा पाचोळा ओढून पेटवला. जमीन अंगणासारखी स्वच्छ झाली. पहिल्या वर्षी फांद्या फळांनी जमिनीला टेकल्या. लोक बघायला आले. आदर्शने मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि येणाऱ्या प्रत्येकाला वरच्या बागेकडे हात करून सांगितलं की मोठे काका अजून अडाणी पद्धतीनं करतात. भावकू तेव्हा तिथेच, चार हातांवर, मिरीच्या वेलाला दोरी बांधत होता. त्याने गाठ मारली, सोडली, परत मारली.

दुसऱ्या वर्षी किडा आला. आदर्शने फवारणी वाढवली. तिसऱ्या वर्षी किडाही वाढला.

वरच्या बागेत फळं तोडणं हे कष्टाचं काम आहे, आणि ते कष्ट बहुतेक मुंग्यांचे आहेत. तांबडे मुंगळे पानं शिवून गोळ्यासारखी घरटी करतात. फांदी वाकवली की ते मनगटावरून कोपरापर्यंत धावतात आणि चावून वर आंबट पाणी सोडतात. अंबुबाई सकाळी हातांना चुलीतली राख चोळून बाग चढायची. दुपारपर्यंत घामाने राख धुऊन जायची आणि हात सुजायचे. ती शिव्या द्यायची, चिरडायची, पण घरटं कधी जाळलं नाही. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. कोडगूच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या गड्यांनी भावकूला सांगितलं होतं की राहू द्या, म्हणून राहू दिलं होतं, एवढंच.

मनिषा, तिची मुलगी, टिळकवाडीतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती. तोडणीसाठी दोन आठवड्यांची रजा घेऊन ती घरी आली आणि खळ्यावरच्या त्या प्रसंगानंतर तिने एक वही काढली.

दुपारी बाकीचे भाकरी खायला बसले की ती झाडाखाली वाकून असायची. वाळून पडलेल्या कॉफीच्या काड्या मधून पोकळ होतात, पेन्सिलीएवढ्या जाड. ती एकेक काडी उचलायची, पांढऱ्या ताटलीत मोडायची आणि आत काय आहे ते लिहायची. काहींत काहीच नसायचं. काहींत एका इंचात पन्नास मुंग्या, त्यांची तांदळाच्या कणीसारखी पिल्लं, एखादी मोठी राणी. काही मुंग्या पिवळट, केसाएवढ्या. काही काळ्या, पोट वर करून चालणाऱ्या. मग ती सुकटीचा चुरा कागदावर ठेवून दहा मिनिटं घड्याळ बघत बसायची आणि कोण कोण आलं ते लिहायची. पिवळट मुंग्या किड्याने पाडलेल्या भोकातून फळात शिरतात आणि आतली अळी तोंडात धरून बाहेर येतात, हे तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती इतका वेळ हलली नाही की अंबुबाईला वाटलं तिला साप दिसला.

"काय गं?"

मनिषाने दाखवलं. अंबुबाईने डोळे बारीक करून बघितलं.

"एवढ्यासाटी बेळगावला पंधरा वर्षं शिकवलं तुला," ती म्हणाली, पण पुढच्या झाडाकडे गेल्यावर फांदी अशी वाकवली की घरट्याला हात लागला नाही.

मनिषाने खालच्या बागेतही शंभर काड्या मोडल्या. रवळूच्या मजूर बायका हसल्या. आदर्श लांबून बघत होता. तिथे काड्या शोधायलाच तिला दोन दिवस लागले. वरच्या बागेत शंभरातल्या एकेचाळीस काड्यांत घरटी होती, खालच्या बागेत तीन. वरच्या बागेत शंभर फळांत चार किडकी, खालच्या बागेत एकतीस. खाली मजुरांनी उक्त्या कामाच्या घाईत तोडणी केली होती. झाडाखाली गळालेली फळं तशीच पडली होती आणि प्रत्येक फळात किडा पुढच्या हंगामाची वाट बघत बसला होता. तो कुठून येतो हे विचारायला बोट वर करायची गरज नव्हती. पायाकडे बघितलं तरी पुरे होतं.

एक आकडा मात्र तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिला. वरच्या बागेतच, घराच्या बाजूचा एक पट्टा होता, तीन गुंठ्यांचा. तिथे सावली तीच, झाडं तीच, औषध कधी पडलं नव्हतं. तरी शंभर काड्यांत घरटी सहा आणि शंभर फळांत किडकी एकोणीस. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं.

मग तिने त्या पट्ट्यातली जमीन नीट बघितली. खराट्याच्या रेघा होत्या. दरवर्षी माघ सरला की अंबुबाई तिथला पाचोळा आणि पडलेल्या काड्या झाडून काढायची आणि बुट्टीने भाताच्या तरव्यावर न्यायची. ज्या वाफ्यात भाताचं बी टाकायचं, तो वाफा आधी पाला, काटक्या, शेण पसरून भाजायचा. तण मरतं, राख मिळते, रोप काळंभोर येतं. या भागात तरवा भाजल्याशिवाय कुणी बी टाकत नाही. जंगलात पाला आणायला गेलं की वनखात्याची माणसं अडवतात, म्हणून घरामागचा पट्टा. बावीस वर्षं, अंबुबाईने, स्वतःच्या हाताने.

मनिषाने वही मिटली. त्या दिवशी तिने घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई सुजलेल्या हातांनी भाकऱ्या थापत होती आणि मनिषाने त्या खाल्ल्या.

आठव्या दिवशी रवळूने देवळाच्या मंडपात बैठक लावली. सकाळी नऊची वेळ होती. ज्योतिबाआप्पा मधे बसले. गावात शब्द चालायचा तो त्यांचा, आणि त्यांनीही आदर्शच्या सल्ल्याने गेल्या वर्षी दोन एकर उघडी कॉफी लावली होती. आदर्शने दुकानातून आणलेली रंगीत पत्रकं वाटली. रवळूची मागणी साधी होती: वरल्या बागेत मुंग्या, पाचोळा, कुजकी लाकडं आहेत, तिथे कीड पोसते आणि खाली येते. अण्णानं, म्हणजे थोरल्या भावानं, बाग साफ करून सोमवारी औषध मारून घ्यावं. पंप आणि औषध आदर्श देईल, फुकट. नाहीतर माझ्या जागेतून अण्णाचं एक पोतं जाणार नाही.

भावकू खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला की रस्ता दोघांचा आहे. रवळू म्हणाला की कागद दाखव. कागद नव्हता.

तेव्हा मनिषा उठली. बायका मागे बसल्या होत्या, तिथूनच तिने वही उघडून आकडे वाचले. एकेचाळीस आणि तीन. चार आणि एकतीस. ती घाई न करता, स्पष्ट बोलली. वाचताना तिचा आवाज थोडा चढला, कारण तिला दिसत होतं की समोरची माणसं ऐकताहेत. एक-दोघांनी रवळूकडे बघितलं. ज्योतिबाआप्पांनी हातातलं पत्रक खाली ठेवलं.

आदर्श गालातल्या गालात हसला. घरामागच्या पट्ट्यातली फळं त्यानेही फोडून बघितली होती.

"मनीआक्का, वरली बाग सगळी सारखीच हाय का गं?"

मनिषाचं बोट वहीच्या मागच्या पानावर गेलं.

"न्हाय, तू मोजलीस म्हणून विचारतो. घरामागं किती?"

खोटं सांगता आलं असतं. वही तिच्याच हातात होती. पण ज्या वहीतला एक आकडा खोटा, तिचे बाकीचेही कशाला खरे मानायचे, असं तिला वाटलं, आणि ती म्हणाली, "एकोणीस."

"का बरं?"

"तिथं पाचोळा आणि काड्या नाहीत. मुंग्यांना जागा नाही."

"कुटं गेल्या काड्या?"

तिने आईकडे बघितलं. ती नजर साऱ्या मंडपाने बघितली. सांगायची गरजच उरली नाही, तरी तिने सांगितलं.

"तरव्याला."

आधी एकजण हसला, मग बाकीचे. रवळूने मांडीवर थाप मारली. "म्हंजे वैनीनंच भाजल्या की मुंग्या. बावीस वर्षं. आणि शिव्या आमच्या औषधाला."

मनिषा सांगत राहिली की यावरून उलटच सिद्ध होतं, जिथे मुंग्यांची जागा गेली तिथेच कीड वाढली, मग ती जागा औषधानं जावो की खराट्यानं. ते खरं होतं आणि कुणीही ऐकत नव्हतं. ज्योतिबाआप्पा म्हणाले की दोन्ही बागांत कीड हाय हे पोरीनंच सांगटलं, तवा दोन्हीकडं औषध मारा, वाद मिटला. भावकूने मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "मारा."

अंबुबाई उठून गेली. तिने चपला हातात घेतल्या आणि देवळाच्या पायऱ्यांखाली जाऊन घातल्या.

घरी ती मुलीशी बोलली नाही. ताट वाढलं, पुढे सरकवलं. रविवारी भावकूने हळू आवाजात समजावलं की एक फवारणी झाली तर काय होतं, माल तरी जाईल, अकरा पोती आहेत. अंबुबाईने त्याला विचारलं की कोडगूहून ओल्या गोणपाटात काय आणलं होतं, ते आठवतं का. तो उठून गोठ्यात गेला.

सोमवारी सकाळी आठ वाजता आदर्श पाठीवर पंप बांधून, तोंडाला रुमाल लावून बांध ओलांडून आला. मागे दोन मजूर औषधाच्या पाण्याचे कॅन घेऊन होते. घरामागच्या पट्ट्यात अंबुबाई होती. ती पहाटेपासून उताराच्या वरच्या टोकाकडून पाचोळा, काड्या, कुजके ओंडके बुट्टीत भरून खाली आणत होती आणि झाडलेल्या जमिनीवर पसरत होती. पट्ट्याचा पाव भाग झाला होता. बुट्टीतून मुंग्या तिच्या डोक्यावर, मानेवर उतरल्या होत्या. मान लाल झाली होती. मनिषा तिच्याबरोबर काम करत नव्हती, कारण तिला बोलावलेलं नव्हतं. ती दारात उभी होती.

"मोठ्याई, बाजूला व्हा," आदर्श म्हणाला. "अंगावर उडंल."

अंबुबाईने बुट्टी ओतली. पाचोळा पायाने सारखा केला.

"आप्पांचा निर्णय हाय," तो म्हणाला. "मोठ्या काकांनी व्हय म्हटलंय."

"बाग कुनाच्या नावावर हाय?"

"काकांच्या."

"मग त्यास्नी बोलाव. त्यांच्या हातात पंप दे. त्यांनी माज्यासमोर मारू दे."

आदर्शने गोठ्याकडे बघून हाक मारली. भावकू आला. आदर्शने पट्टे सोडून पंप त्याच्यापुढे धरला. सोळा लिटरचा भरलेला पंप होता. भावकूने तो घेतला, वजनाने त्याचा खांदा खाली गेला. तो तसाच उभा राहिला. अंबुबाई वाट बघत थांबली नाही. ती रिकामी बुट्टी घेऊन वर चढून गेली, भरून आणली, त्याच्या पायाजवळ ओतली. काळ्या मुंग्या त्याच्या अनवाणी पायावरून पलीकडे गेल्या. ती पुन्हा वर गेली. तिसऱ्या खेपेला ती खाली आली तेव्हा भावकूने पंप जमिनीवर ठेवला होता, नळी गुंडाळून वर ठेवली होती आणि तो बांधापाशी जाऊन तिकडे तोंड करून बसला होता.

"मग पोती कशी नेताय बघू," आदर्श म्हणाला.

त्यांनी पोती त्याच दिवशी न्यायला सुरुवात केली. टेकडीला वळसा घालून जुनी गाडीवाट होती, सव्वातीन किलोमीटरची, मधे दोन ओढे. पोतं अर्धं करायचं, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर वजन. तिघांनी नेलं. भावकूच्या गुडघ्यात पाणी झालं. मनिषाने रजा पाच दिवस वाढवली आणि लॅबवाल्यांनी त्या दिवसांचा पगार कापणार असं फोनवर सांगितलं. रस्त्याला लागून ज्या घराच्या ओसरीवर पोती रचली तिथल्या म्हातारीने विचारलं की दीर एवढा जवळ असताना हे काय. अंबुबाईने चुंबळ सोडून झटकली आणि सांगितलं की दीर मेला नाही, जिता आहे, हेच तर दुखणं आहे. व्यापाऱ्याच्या माणसाने बादलीत मूठ टाकली. सहा तरंगली. त्याने अकराही पोती उचलली.

त्या सगळ्या खेपांत आई लेकीशी वजनापुरतं बोलली. उचल. ठेव. चाल.

चैत्रात गावाचे तरवे पेटले. सकाळपासून उतारावर ठिकठिकाणी धूर होता, माणसं फांद्यांनी जाळ सारखा करत होती. मनिषा रविवारची सुट्टी म्हणून पहिल्या बसने आली होती. त्यांच्या वाफ्यावर काही पसरलेलं नव्हतं. अंबुबाई कुदळ घेऊन एकटी नांगरट मोडावी तशी ढेकळं फोडत होती. वाटेने जाणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं की तरवा कच्चाच ठेवणार का. त्यांतली एक म्हणाली की पाला न्हाय मिळाला तर मुंग्यांकडनं मागून घे. अंबुबाईने कुदळ थांबवली नाही.

त्या गेल्यावर तिने मुलीकडे न बघता विचारलं, "कवा कळलं तुला?"

मनिषाला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. "बैठकीच्या तीन दिवस आधी."

"तीन दिवस माज्या हातची भाकरी खाल्लीस."

"व्हय."

"घरात सांगटली असतीस तर मी काय खाल्लो असतो तुला? मी तवाच खराटा मोडून चुलीत घातलो असतो. मंडपात मीच उटून सांगटलो असतो, व्हय, माजं चुकलं. माजं चुकलेलं सांगायला मला तोंड हाय."

मनिषाला वाटलं होतं की आईला वाईट वाटेल म्हणून आपण गप्प राहिलो. आता, उन्हात उभं राहून, तिला कळलं की ते पुरतं खरं नव्हतं. आईला ते समजणार नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. हा आकडा वहीत नव्हता.

"चुकलं," ती म्हणाली.

अंबुबाईने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या वाफ्यांवर काळी राख बसत होती. यांच्या वाफ्यात गेल्या वर्षीच्या तणाचं बी तसंच, जिवंत, मातीत होतं.

"भाजला न्हाय म्हंजे आवंदा तरव्यात भातापरास तण जास्त येनार," ती म्हणाली. "पानी पडलं की दर रविवारी यायचं. वाकून काडायचं. भात कुटलं, तण कुटलं, वळकून. एक भाताचं रोप उपटलंस तर मला येऊन सांगायचं. तवाच्या तवा."

तिने कुदळ मुलीच्या हातात दिली आणि वाफ्याचं दुसरं टोक दाखवलं.